वजनाची वही

वनजाक्षी आली, की हँगरमधले लोक
आपापला पुर्जा पाठीमागे धरत,
जकातनाक्यावर पोतं लपवावं तसं.

माझं काम एवढंच: हेलिकॉप्टरातून ग्रॅम काढणं.
बोल्टचं डोकं कापा. वायर वीतभर आखूड करा.
रंगाचा दुसरा हात नको.
शेपटीकडचा फोरमन मुनिवेंकटप्पा म्हणायचा,
"अम्मा, स्वल्प राहू द्या.
तापातल्या पोराचं पांघरूण काढता काय?"

तो ताप मीही पाहिला होता.
पहिल्या उड्डाणानंतर वैमानिक खाली उतरला
आणि त्याच्या हातातली कॉफी
अर्धा तास हिंदकळत राहिली.
मग दोन वर्षं त्या थरथरीच्या मागे.
इथे दाबावी तर तिथे उगवे,
सतरंजीखालच्या उंदरासारखी.
रबराच्या पट्ट्या, नव्या स्प्रिंगा,
पात्यांच्या टोकांना तोळ्यातोळ्याचा हिशेब,
शेवटी अकरा किलो घालून ती निजली.
मी ते अकरा तांबड्या पेन्सिलीने लिहिले
आणि पुन्हा वसुलीला निघाले,
गुंज गुंज, मासा मासा.

बंगळूरची हवा घट्ट. तिथे कुणीही उडेल.
वर, जिथे नकाशाच पांढरा होतो,
हवा म्हणजे चार घरांना पुरवलेलं ताक.
पाती घुसळतात, घुसळतात,
लोणी येत नाही.

लेहला रात्रभर तिला उघड्यावर ठेवलं, मुद्दाम.
पहाटे तेल गुळाच्या काकवीसारखं.
इबोम्चा सरांनी बटण दाबलं: खोकला.
पुन्हा: खोकला.
तिसऱ्यांदा आवाज धरला तिने,
आणि आम्ही कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत,
हातमोज्यांतून त्या ऐकूही आल्या नसत्या.

त्याच दुपारी वरच्या चौकीवर उतरलो.
हेलिपॅड कसलं, ओसरीएवढा बर्फ.
वाळूच्या पिशव्या उतरवायच्या, आकडे टिपायचे, परत यायचं,
असं कागदावर होतं.

ढकलगाडीवरून तुंडुपला आणलं.
पनामिकचा हमाल, ओठांवर गुलाबी फेस,
छातीत पाणी भरलेलं.
इबोम्चा सरांनी इंधनाचा काटा पाहिला,
इंजिनाचं तापमान पाहिलं,
मग समोरच्या डोंगराकडे पाहत बसले.
माझ्याकडे पाहायचं टाळत होते ते.
आकडा मला त्यांच्याआधी कळला होता.

मी पट्टा सोडला.

तुंडुपला माझ्या जागी ठेवला. दार लागलं.
कंबरभर वर ती थांबली,
उंबऱ्यावर काहीतरी आठवल्यासारखी,
मग नाक खाली घालून
कड्यावरून सरळ सांडली.
आवाजसुद्धा गेला.
मी मोजत होते. सात. आठ. नऊ.
दहाच्या पुढचं मला मोजताच येईना.
मग खाली, फार खाली,
हिरवा एक ठिपका, दरी ओलांडणारा.

रात्री रॉकेलच्या शेगडीशी
कासरगोडच्या एका पोरसवदा जवानाने मला कोमट पाणी दिलं,
आणि विचारलं, खाली पेट्रोल केवढ्याला झालंय.
डोकं कुणी करवतीने कापत असावं तसं.
पेन गोठलेलं. पेन्सिलीने वहीत लिहिलं:

काढलं: वनजाक्षी, बुटांसकट, एकाहत्तर.
घातलं: तुंडुप, घोंगडीसकट, अडुसष्ट.

तो वाचला म्हणतात.
मला पुन्हा भेटला नाही.

बंगळूरला मुनिवेंकटप्पाने वही उलटीपालटी केली,
चष्मा कपाळावर नेला.
"शेपटी?"
निजली होती, म्हटलं, पूर्ण वेळ.
"आणि हे तीन किलो उरले ते?"
तुमचे, म्हटलं. घ्या.

तो हसला नाही.
लगेच, मी शब्द फिरवायच्या आत,
रबराची पट्टी काखेत मारून
शिडी चढू लागला.